इलेक्ट्रिकल बिघाड की इलेक्ट्रॉनिक? ईसीएम बदलण्याआधी

गाडीतल्या इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक पार्टमध्ये नेमका फरक काय, असं तुम्ही विचारलंय. पण पुढचं वाचल्यावर खरी अडचण वेगळी दिसते. सकाळी सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) जड फिरतो. गाडी सुरू होताना एबीएस, स्टिअरिंग आणि चेक इंजिन असे तिन्ही दिवे लागतात, कधी विझतात, कधी तसेच राहतात. एका वायरमनने सांगितलं की दोष इलेक्ट्रिकल आहे, बॅटरी आणि अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी) बघावं लागेल. दुसऱ्याने स्कॅनर लावून आठ कोड (गाडीतल्या कॉम्प्युटरनी नोंदवलेले दोष) काढले आणि दोष इलेक्ट्रॉनिक आहे, ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) बदला, असा निकाल दिला. म्हणजे तुम्हाला व्याख्या नको आहे, दोघांपैकी कोणाचं ऐकायचं ते हवं आहे. फरक नीट कळला तर त्याचं उत्तरही त्यातूनच मिळेल, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधीच सांगून ठेवतो, गाडी समोर नसताना अमुकच पार्ट गेलाय असं मी म्हणणार नाही. तुमची बॅटरी किती जुनी आहे, गाडीत नंतर काही जोडलंय का (म्युझिक सिस्टिम, जादा लाइट, रिमोट लॉक), कुठे पाणी शिरलं होतं का, यावर बरंच अवलंबून आहे. दोघांपैकी एकानेही मीटर लावून आकडे घेतल्याचं तुमच्या लिहिण्यात नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी उणीव तीच आहे.

पुस्तकात व्याख्या सोपी असते. तांब्याची तार, कॉइल, स्विच, मोटर, बल्ब असं ज्यात असतं ते इलेक्ट्रिकल. डायोड, ट्रान्झिस्टर, आयसी असे अर्धवाहकाचे, म्हणजे मुख्यतः सिलिकॉनचे, भाग ज्यात असतात ते इलेक्ट्रॉनिक. व्याख्या बरोबर आहे, पण गाडीखाली झोपल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. मी शिकाऊ मुलांना वेगळं सांगतो. समोरच्या तारेतून ताकद चालली आहे की निरोप, ते आधी ठरवा.

हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब घ्या. १२ व्होल्टवर तो साधारण साडेचार अँपिअर करंट ओढतो आणि त्याचा उजेड आणि उष्णता करतो. करंट कमी मिळाला तर मंद जळतो, जास्त मिळाला तर लवकर जातो. वायपरची मोटर, हॉर्न, फ्युएल पंप, मागच्या काचेचा हीटर, सेल्फ, सगळ्यांचं असंच. करंट आत गेला की काम बाहेर येतं. हे इलेक्ट्रिकल.

आता इंजिनच्या कूलंटचा तापमान सेन्सर घ्या. त्याच्या तारेतून वाहणारा करंट इतका थोडा असतो की त्यावर इंडिकेटरचा छोटा बल्बही लागणार नाही. त्या तारेचं काम एवढंच की पाणी किती गरम आहे ते ईसीएमला कळवायचं. बऱ्याच गाड्यांत या सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतो. ईसीएम आतून ५ व्होल्ट देतो, सेन्सरवर किती व्होल्ट पडले ते वाचतो आणि त्यावरून तापमान ठरवतो. या तारेत अर्धा व्होल्ट इकडचा तिकडे झाला तर काही मंद होत नाही, काही जळत नाही, फक्त निरोप चुकतो. तिकडे ईसीएम चुकीच्या निरोपावर बरोबर हिशेब करून पेट्रोल जास्त सोडतो आणि आपण इंजेक्टर उघडत बसतो. तो सेन्सर स्वतः साधा थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रोध बदलणारा तुकडा, आहे, पण त्याचं सर्किट इलेक्ट्रॉनिक आहे, आणि ते तपासायची पद्धत त्यावरून ठरते.

हा फरक इथवर स्वच्छ वाटतो. प्रत्यक्षात एकाच डब्यात दोन्ही असतात आणि ‘हा पार्ट इलेक्ट्रिकल की इलेक्ट्रॉनिक’ या वादाला अर्थ राहत नाही. अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरवर, हा वाद मी अनेकदा ऐकलाय. पूर्वी गाड्यांना डायनामो असायचा आणि त्याच्यासोबत कटआउट-रेग्युलेटरची डबी. त्या डबीत कॉइल आणि थरथरणारे पॉइंट असत. ते सगळं निखळ इलेक्ट्रिकल होतं, पॉलिश पेपर मारून दुरुस्त होणारं. सिलिकॉनचे डायोड स्वस्त आणि भरवशाचे झाल्यावर अल्टरनेटर व्यवहारात आला. क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलिअंट गाडीत तो दिला आणि पुढे इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. आजच्या अल्टरनेटरमध्ये रोटर, स्टेटर, कार्बन ब्रश आणि स्लिप रिंग हा इलेक्ट्रिकल भाग, डायोडची प्लेट आणि रेग्युलेटर हा इलेक्ट्रॉनिक भाग.

हे वेगळं करून सांगण्याचं कारण, दोन्ही भागांचे बिघाड वेगळे दिसतात. ब्रश झिजले की चार्जिंग कधी होतं, कधी होत नाही. खड्ड्यात आदळल्यावर चार्जिंगचा दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. डायोड शॉर्ट झाला तर गाडी बंद असताना बॅटरी अल्टरनेटरमधूनच उतरते आणि सकाळी सेल्फ उठत नाही. गाडी चालू असताना मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या पुढे आकडा दिसला तर डायोडवर संशय घ्या. रेग्युलेटर अडकला तर चार्जिंग १५ व्होल्टच्या वर जातं, बल्ब पटापट उडतात आणि बॅटरीतून उग्र वास येऊ लागतो. तक्रारीत तिन्ही वेळा ‘अल्टरनेटर गेला’ एवढंच लिहिलेलं असतं, पण तपासणी तीन प्रकारची आहे. त्यात अलीकडच्या अनेक गाड्यांत किती व्होल्ट बनवायचे हे रेग्युलेटर स्वतः ठरवत नाही, ईसीएम त्याला सांगतो. बॅटरी भरलेली असेल तर तो चार्जिंग मुद्दाम १३ च्या खाली आणतो. हे माहीत नसल्यामुळे चांगले अल्टरनेटर बदलले गेलेले मी पाहिले आहेत.

इंडिकेटरच्या फ्लॅशरमध्ये तर हा सगळा बदल एका छोट्या डबीत दिसतो, म्हणून मला तो शिकवायला फार आवडतो. जुन्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची एक पट्टी असे. इंडिकेटरच्या बल्बचा करंट तिला तापवायचा, पट्टी वाकून कॉन्टॅक्ट तुटायचा, थंड झाली की पुन्हा जुळायचा. उघडझाप होत होती ती बल्बच्या ओढीमुळे. पुढे त्या जागी आयसीवाला फ्लॅशर आला. तो वेळ स्वतः मोजतो आणि करंटवरही लक्ष ठेवतो. एक बल्ब गेला की करंट कमी होतो आणि तो चालकाला कळावं म्हणून मुद्दाम भराभर उघडझाप करतो. आता बऱ्याच गाड्यांत फ्लॅशरची डबीच नाही. इंडिकेटरचा दांडा फक्त निरोप पाठवतो, बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिव्यांसारख्या गोष्टी सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) दिवे लावतं आणि तो टिकटिक आवाजही मीटरमधल्या छोट्या स्पीकरमधून येतो. या तिन्ही गाड्यांत २१ वॅटच्या बल्बऐवजी एलईडी लावून बघा. पट्टीवाल्या गाडीत दिवा लागून तसाच राहील, कारण पट्टी तापायला करंटच पुरत नाही. आयसीवाल्यात उघडझाप दुप्पट वेगाने होईल. मॉड्यूलवाल्यात बऱ्याचदा बल्ब गेल्याची सूचना येईल. बल्ब एकच बदलला, तरी आजार तीन झाले. पट्टी कोणती, मेंदू कुठे, हे ओळखल्याशिवाय इलाज सांगता येत नाही.

क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन किती फिरलं ते ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरवर, माझी स्वतःची चूक झाली होती, ती सांगतो. हे सेन्सर दोन जातींचे असतात. पहिल्यात लोहचुंबक आणि कॉइल असते. दुचाकीवाले त्याला पिकअप कॉइल म्हणतात. दातेरी चाक समोरून फिरलं की तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो. त्याची कॉइल ओहमवर मोजता येते, काही शे ओहम ते हजारभर अशी मिळते. दुसरा हॉल सेन्सर. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो, आत आयसी असतो आणि सप्लाय दिल्याशिवाय तो काहीच करत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच, काळं प्लॅस्टिक आणि एक कपलर (तारा जोडायचा प्लग). कामाच्या पहिल्या वर्षांत मी एका हॉल सेन्सरवर ओहम मीटर लावला, काही वाचन आलं नाही, आणि ‘कॉइल तुटली’ म्हणून सेन्सर बाद केला. नवा लावला, त्याचंही वाचन तसंच आलं. तेव्हा कुठे लक्षात आलं की मी आयसीचा रोध मोजतोय, ज्याला काही अर्थच नाही. मूळ दोष कपलरमधल्या सप्लायच्या पिनेत होता, ती सैल झाली होती. त्या माणसाला मी विनाकारण एक सेन्सर घ्यायला लावला. तेव्हापासून कुठल्याही पार्टवर मीटर लावण्याआधी मी तारा मोजतो. तीन तारा असल्या तर बहुधा सप्लाय, अर्थिंग आणि सिग्नल. दोन असल्या तर ती कॉइल असू शकते. हा नियम शंभर टक्के नाही, पिकअप कॉइललाही कधी तिसरी तार शील्डची असते, म्हणून सर्किटचा नकाशा मिळत असेल तर तो बघाच.

मोजण्याच्या साधनांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमचे दोन वायरमन कदाचित इथेच वेगळे झाले असतील.

टेस्ट लॅम्प (दोन तारा जोडलेला साधा बल्ब) जुना म्हणून काही लोक त्याला नावं ठेवतात, ते मला पटत नाही. ताकदीच्या सर्किटमध्ये तो मीटरपेक्षा जास्त खरं बोलतो. समजा फॅनच्या मोटरची तार आतून कुजली आहे आणि एकच काडी शिल्लक आहे. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो, म्हणजे तो करंट जवळजवळ घेतच नाही. त्या एका काडीवरही मीटर १२.५ व्होल्ट दाखवेल आणि तुम्ही म्हणाल सप्लाय आहे, मोटर गेली. २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प लावला तर तो पावणेदोन अँपिअर मागतो, तार कितपत सोसते ते उजेडावरून दिसतं. पण तोच लॅम्प ईसीएमच्या सिग्नलच्या तारेला लावला तर? जिथे मिलीअँपिअरचा व्यवहार आहे तिथे पावणेदोन अँपिअरची मागणी केली. आतला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो आणि तो गेल्याचा आवाजही येत नाही, वासही नाही. म्हणून निरोपाच्या तारेला मीटर आणि ताकदीच्या तारेला भार, एवढं पाळलं तरी निम्मी नुकसानी टळते.

ताकदीच्या तारेत मीटर वापरायचाच असेल तर व्होल्टेज ड्रॉप मोजा. मोटर किंवा दिवा चालू ठेवायचा, मीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी त्या पार्टच्या पॉझिटिव्ह पिनेवर. वाटेत जे व्होल्ट वाया जातात तेच मीटरवर दिसतात. साध्या सर्किटला ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक, सेल्फच्या मुख्य केबलला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेतात. अर्थिंगच्या बाजूनेही असंच मोजायचं, बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या अंगापर्यंत. तार कापायला नको, टेप काढायला नको. माझ्या मते वायरमनने सगळ्यात आधी शिकावी अशी ही एकच चाचणी आहे, आणि सगळ्यात कमी केली जाते तीही हीच.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर, इलेक्ट्रिकल भाग ताकद वाहतो, इलेक्ट्रॉनिक भाग निरोप घेतो आणि हुकूम सोडतो. पण दोघांचं अन्नपाणी एकाच बॅटरीतून आणि एकाच अर्थिंगमधून येतं. ही शेवटची गोष्ट विसरली जाते आणि चांगले ईसीएम काढले जातात.

इंजिन फिरवताना सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो, डिझेल असेल तर त्याहून जास्त. समजा इंजिन आणि बॅटरी यांच्यामधल्या अर्थिंगच्या पट्टीवर हिरवट थर चढलाय आणि तिथे फक्त एक शतांश ओहमचा रोध तयार झालाय. ओहम मीटरला हा रोध धड दिसणारही नाही. दीडशे अँपिअर गुणिले ०.०१, म्हणजे दीड व्होल्ट तिथेच गेले. सेल्फला तेवढी ताकद कमी मिळाली, तो जड फिरला. त्याच क्षणी इंजिनचं अंग बॅटरीच्या निगेटिव्हपेक्षा दीड व्होल्टने वर उचललं गेलं. ज्या सेन्सरचं अर्थिंग इंजिनच्या अंगावरून घेतलंय त्यांचे निरोप तेवढ्याने चुकले. जोडीला बॅटरीही थकलेली असेल तर तिचे व्होल्ट साडेनऊच्या खाली जातात, आणि एबीएस, पॉवर स्टिअरिंग यांच्या मॉड्यूलना तेवढ्यावर नीट चालता येत नाही. एखादं बंद पडून पुन्हा सुरू होतं आणि सुरू होताना सप्लाय कमी पडल्याची नोंद करून ठेवतं. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर स्वतःच बरेच अँपिअर खाते, म्हणून तिच्या मॉड्यूलला सप्लायची कमतरता लवकर जाणवते.

आठ कोड आले याचं दडपण घेऊ नका. ही मॉड्यूल एकमेकांशी कॅन बस नावाच्या तारांच्या जोडीवरून बोलतात. बॉशने ही पद्धत १९८६ मध्ये जाहीर केली आणि आज ती बहुतेक गाड्यांत आहे. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा, शांत असताना दोन्हींवर साधारण अडीच व्होल्ट, संदेश जाताना एक साडेतीनपर्यंत वर आणि दुसरी दीडपर्यंत खाली. एबीएसचं मॉड्यूल क्षणभर झोपलं तर त्याच्याकडून चाकांचा वेग मिळणं थांबतं. इंजिनचं मॉड्यूल लिहितं, एबीएसशी संपर्क तुटला. स्टिअरिंग तेच लिहितं, गिअरबॉक्सचं मॉड्यूल असेल तर तेही. घटना एक, साक्षीदार चार, आणि स्कॅनरवर चार कोड. स्कॅनर खोटं बोलत नाही, पण कोणाला काय दिसलं एवढंच तो सांगतो, ते कशामुळे झालं हे तो सांगू शकत नाही. तुमच्या आठ कोडपैकी किती ‘संपर्क तुटला’ आणि ‘सप्लाय कमी’ या प्रकारचे आहेत ते त्या दुसऱ्या वायरमनला विचारा. बहुतेक तसेच असतील तर पहिल्याचं म्हणणं जास्त वजनदार ठरतं. माझा कल सध्या तिकडेच आहे, कारण तुमची पहिली तक्रार सेल्फ जड फिरण्याची आहे. सेल्फ ही निव्वळ ताकदीची गोष्ट, ईसीएम बिघडला म्हणून तो जड फिरत नाही. ईसीएममुळे सेल्फ लागणारच नाही असं होऊ शकतं, पण लागून हळू फिरला तर बॅटरी, केबल, अर्थिंग किंवा खुद्द सेल्फ बघायचा. इंजिन आतून जड झालं असेल, असंही एखाद्या वेळी निघतं.

दोघांच्या बिघाडाची चालही वेगळी असते. इलेक्ट्रिकल पार्ट बहुधा आधी सूचना देतो. दिवा मंद होतो, कपलर तापून पिवळा पडतो, मोटर कुरकुरते, सेल्फ दोन-तीन महिने जड होत जातो. इलेक्ट्रॉनिक पार्ट एकतर चालतो किंवा चालत नाही, नाहीतर गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू असा खेळ करतो. तुमचा त्रास हळूहळू वाढत आला असेल आणि थंडीत जास्त होत असेल तर तोही पहिल्या बाजूचाच पुरावा. एकदम एका दिवशी सुरू झाला असेल, विशेषतः गाडी धुतल्यावर किंवा पाण्यातून नेल्यावर, तर मात्र कपलरमध्ये आणि मॉड्यूलमध्ये पाणी शोधावं लागेल. हे तुम्ही लिहिलेलं नाही.

ईसीएम खरोखर गेला असं मी केव्हा म्हणतो तेही सांगतो. त्याच्या कपलरवर भार देऊन सप्लाय आणि अर्थिंग दोन्ही चोख मिळालं पाहिजे. तरीही सेन्सरना जाणारे ५ व्होल्ट येत नसतील, तर मी त्या ५ व्होल्टवरचे सेन्सर एकेक करून काढतो, कारण एखादा शॉर्ट झालेला सेन्सर सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली ओढतो. एखादा काढल्यावर व्होल्ट परत आले तर दोषी तो सेन्सर, ईसीएम निर्दोष. सगळे काढूनही ५ व्होल्ट आले नाहीत, तारही कुठे शॉर्ट नाही, किंवा स्कॅनरशी ईसीएम बोलतच नाही आणि कॅनच्या दोन तारांमध्ये बॅटरी काढून मोजल्यावर ६० ओहमच्या आसपास मिळतात, तेव्हाच मी ईसीएमकडे बोट दाखवतो. ६० ओहम कारण दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोध समांतर असतात. १२० दिसले तर एक टोक तुटलंय, ती भानगड तारेची. शिवाय नवा ईसीएम गाडीला शिकवावा लागतो, इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) किल्ली जुळवावी लागते. जुन्या गाडीतून काढलेला ईसीएम बऱ्याचदा लावल्या लावल्या चालत नाही. म्हणून ‘लावून बघू’ हा प्रयोग इथे करू देऊ नका.

आणखी एक, या गडबडीत कोणी इंजिन चालू असताना अल्टरनेटर तपासायला बॅटरीचं टर्मिनल काढत असेल तर हात धरून थांबवा. डायनामोच्या काळातली ही चाचणी अजून केली जाते. बॅटरी सर्किटमधून अचानक निघाली की चार्ज करत असलेल्या अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं, आणि तो झटका आता बल्बवर नाही, प्रत्येक मॉड्यूलवर जातो. जंप स्टार्टला उलटी केबल लावणं, बॅटरी न काढता बॉडीला वेल्डिंग मारणं, तारेच्या इन्सुलेशनमध्ये सुई खुपसून तपासणं आणि ते भोक तसंच ठेवणं, ही सगळी चांगल्या इलेक्ट्रॉनिक्सला मारायची कारणं आहेत. फ्यूज आहे की, असं म्हणू नका. फ्यूज तारेला आगीपासून वाचवतो, तो वितळायला लागणाऱ्या वेळात ट्रान्झिस्टर कधीच गेलेला असतो.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ विचारलीय. तिथेही विभागणी हीच. बॅटरी, कॉन्टॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) आणि मोटर ताकदीच्या बाजूला, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारा कॉम्प्युटर) निरोपाच्या बाजूला. इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचा मोटरसाठी एसी करणारा) आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर (डीसीचे व्होल्ट बदलणारा) मधे बसतात, ते अर्धवाहकांचे असूनही शेकडो अँपिअर हाताळतात. पण कारमध्ये नारिंगी केबलवर तीनशे-चारशे व्होल्ट आणि काही गाड्यांत आठशेच्या आसपास असतात. इथे लिहिलेली कोणतीही चाचणी त्या केबलवर करू नका, प्रशिक्षण घेतलेल्या माणसालाच हात लावू द्या.

तुमच्या गाडीसाठी मी सांगेन तो क्रम असा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी दार जास्त वेळ उघडं न ठेवता मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्ध्यावर, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून त्या वेळचा सर्वांत खालचा आकडा बघा. पुन्हा एकदा सेल्फ मारायला सांगून त्याच वेळी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत मोजा, तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं घासून चकचकीत करा आणि घट्ट बसवा. गाडी सुरू झाल्यावर, हेडलाइट आणि फॅन चालू ठेवून, चार्जिंग किती आहे ते लिहून ठेवा.

बॅटरीचे सकाळचे व्होल्ट भरपूर पण सेल्फ मारताना दहाच्या खूप खाली, असं निघालं तर बॅटरी आतून संपली आहे, तिची लोड टेस्ट करून घ्या. सकाळीच व्होल्ट कमी असतील तर चार्जिंग पुरत नाही किंवा रात्री काहीतरी करंट खातंय. बंद गाडीचा करंट मोजताना मॉड्यूल झोपेपर्यंत अर्धा तास तरी थांबा, नाहीतर सुरुवातीचा मोठा आकडा बघून फसाल. झोपल्यावर ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर साधारण ठीक. मध्ये जोडलेली म्युझिक सिस्टिम किंवा लॉक असेल तर आधी तेच काढून मोजा.

हे सगळं नीट करून, आठही कोड पुसून, गाडी दोन-तीन दिवस नेहमीसारखी चालवा आणि मग पुन्हा स्कॅन करा. जे कोड परत आलेच नाहीत ते बहुधा कमी व्होल्टेजचे होते. एखादा तेवढाच परत आला, तर तो कोड, हे सगळे आकडे आणि गाडीचं मॉडेल मला कळवा, तिथून पुढे त्या एका सर्किटचं बघू.